कण्हेर ओळखणारा माणूस

प्रिय चिमणे,

तुझ्या नव्या नोकरीची बातमी मी जिन्यात, दुकानात, जो सापडेल त्याला पकडून सांगितली. जावईबापूंनी पिल्लूचा फोटो पाठवलाय, त्यात तो कपाटाच्या दाराला लोंबकळतोय. सापडेल ते तोंडात घालतो म्हणालीस. आईवर गेलाय, दुसरं काय! आजोबा येणार म्हणून तू पाळणाघरातली जागा सोडलीस, हेही कळलं. ऐकून छाती फुगली होती माझी, खोटं कशाला बोलू?

मी माळी होतो त्या बागेतलं कण्हेरीचं कुंपण तुला आठवतं का? लोक विचारायचे, एवढं विषारी झाड लावता कशाला? मी म्हणायचो, ऊन, धूळ, धूर सगळं सोसतं, गुरं तोंड लावत नाहीत, बारा महिने हिरवं, आणखी काय हवं? कामावर नवा माळी आला की पहिला धडा माझाच असे. चामड्यासारखं जाड पान, एका पेरावर तीन-तीन. छाटलं की हात धुवायचे, छाटण जाळायची नाही. तू एकदा भातुकलीत हीच पानं बाहुलीची भाजी म्हणून चिरत बसली होतीस. मी आयुष्यात एकदाच तुझ्यावर हात उगारला, तो तेव्हा. मग नळाखाली तुझे हात इतके घासले, की आई म्हणाली, पोरीची कातडी सोलणार आहात का? तू रुसून दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस.

मी निवृत्त झालो तरी बागेतून अजून बोलावणं येतं. मध्यंतरी तर बोलावणं नसतानाच मी खाकी शर्ट चढवून सकाळी फाटकावर हजर झालो. पहारेकऱ्याने काही न विचारता चहा पाजला आणि बोलत बोलत घरापर्यंत सोडलं. भला माणूस! आम्ही दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. तुलाही मी सांगितलं नाही. वयाचं काहीबाही होतंच, म्हणून स्वतःची समजूत घातली.

गेल्या आठवड्यात कुंपणावर कीड पडली म्हणून त्यांनी मला दाखवायला नेलं. एक फुलांची डहाळी नीट बघायला मी घरी आणली आणि ओट्यावर ठेवली. संध्याकाळी भात टाकला, त्यात तमालपत्र म्हणून दोन पानं सोडली. मजेत शीळ घालत होतो, चिमणे. शेजारची शिवणकाम करणारी बाई कात्री मागायला आली. पातेल्यात डोकावली, ओट्याकडे बघितलं आणि हसून म्हणाली, काका, फुलं लागलेलं तमालपत्र पहिल्यांदाच बघतेय! मी म्हटलं, तुझी परीक्षा घेत होतो. तीही हसली आणि कात्री घेऊन गेली. मी दार लावलं. मी भात पातेल्यासकट कचऱ्यात टाकला. मग मोरीत बसून रडलो. मरणाची भीती नव्हती गं. लाज वाटली. ज्याने अख्ख्या बागेला कण्हेर ओळखायला शिकवली, त्याच्या हाताला ती ओळखू आली नाही. तुझी आई असती तर तिलाही मी तोंड दाखवलं नसतं.

तेव्हापासून ते आठवलं, की पातेल्यातला भात दिसतो आणि समोर बसून घास मागणारा पिल्लू दिसतो. म्हणून सांगतो, पाळणाघरात आजच्या आज जाऊन जागा पुन्हा माग, हातापाया पडावं लागलं तरी चालेल. नोकरी सोडू नकोस. मी येईन, त्याच्याशी खेळेन, पण घरात आणखी कुणीतरी मोठं माणूस असेल तेव्हाच. डॉक्टरकडे मला तूच ने, एकट्याने जायची लाज वाटते. आणि एक ऐक. काल फोनवर तू विचारलंस, येताय ना बाबा, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. तेव्हा यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. आज आठवतंय, म्हणून लिहून ठेवलं. उद्या मी पुन्हा फोनवर हसत म्हणेन, मला काही झालेलं नाही, पिल्लूला बिनधास्त माझ्याकडे ठेव. तेव्हा माझं ऐकू नकोस, पोरी.

तुझाच,
बाबा