मधली जागा

अहो,

तुम्ही औषध घेऊन गाढ झोपलात, म्हणून उठवलं नाही. दुर्बीण दिसली नाही तर घाबरू नका, ती गाडीत माझ्याबरोबर आहे.

दोन वाजता तुमच्या दुर्बीणवाल्या मंडळींतल्या नुकागांचा फोन आला. "वहिनी, आज संध्याकाळी तो लघुग्रह ताऱ्यासमोरून जाणार. आम्ही अकरा जण काही-काही किलोमीटर अंतर सोडून रांगेनं उभे राहतोय, सगळ्यांच्या वेळा जोडून त्याचा आकार काढायचा. पण तेत्सुरोंची मधली जागा रिकामी, म्हणजे चित्राला मधोमध भोक." मी म्हटलं, "आमच्या घरचं माणूस येतंय." ते चपापले, "डॉक्टरांनी सोडलं त्यांना?" म्हटलं, "त्यांना नाही हो, मला."

नदीच्या बांधावर नुकागा मला दुर्बिणीत तो तारा लावून देतील आणि आपल्या जागी जातील. सहा बावीसला तारा तीन-चार सेकंद विझेल, तेवढं मी कॅमेऱ्यात धरायचं. नाहीच विझला तर तसं लिहायचं. तेही उत्तरच असतं, हे तुमच्याच तोंडून ऐकलंय.

मिसो सूप गरम करून घ्या. मीठ कमी आहे, कुरकुर नको. मागोमाग यायचा विचार असेल तर सायकलची किल्लीही मीच नेलीय.

तीस वर्षं निघताना तुम्ही विचारायचात, "सुमिए, येतेस का?" आणि मी दर वेळी थंडीचं निमित्त सांगायची. दवाखान्यातून आल्यापासून तुम्ही दुर्बिणीवरचं कापडसुद्धा काढलं नाहीत, मग विचारणार कधी? म्हणून आज न विचारताच निघाले. तुमचे लोकरी मोजे घातलेत.

पुढच्या वेळी मात्र विचारा.

सुमिए