आबांनी एकट्यानं ऐकलेला रिपोर्ट

मंगळवार, संध्याकाळ. मांडवगण.

छापील कागद मोठ्यानं वाचून दाखवणारं मशीन मीच आणलं. नजर गेल्यापासून आबा पेपरसाठीसुद्धा माझ्यावर, लेकीवर, अवलंबून होते, म्हणून. आज मी शाळेत शिकवत असताना ते कपाटातले कागद हौसेनं एकेक करून त्याखाली धरत बसले. त्यातच त्यांचा दौंडच्या दवाखान्याचा रिपोर्ट निघाला. महिनाभर मी त्यांना 'अशक्तपणा आहे' म्हणत होते. मशीननं सपाट आवाजात कॅन्सर सांगून टाकला. घरात कुणी नव्हतं. कपाटात का ठेवला मी तो?

"दोनदा ऐकलं, पोरी," आबा म्हणाले. "आधी वाटलं, मशीनच चुकलं."

मी नुसती रडत राहिले. माफीसुद्धा मागितली नाही.

"तू सांगितलं असतंस, तर तुझा हात तरी धरला असता."