सालासकट बटाटा

सर,

काल वर्गात परासरण शिकवलं आणि घरी येईपर्यंत तुमच्यावर संतापत होते. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, एव्हाना हा राग विझायला हवा होता. रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर मीही आले होते. माणूस देव होता, असं जो तो म्हणत होता आणि मी मान हलवत उभी होते. चांगल्या माणसावर चिडायची सोय नसते, सर. वाईट माणसाला निदान घरी येऊन शिव्या तरी घालता येतात.

नववीतला तो दिवस तुम्हाला आठवायचं कारण नाही. मला आठवतो. प्रयोगशाळेच्या टेबलावर बरणीत अंडं आहे, व्हिनेगरमध्ये ठेवून त्याचं कवच विरघळवलेलं, नुसत्या पातळ पडद्यात थरथरणारं. सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा झालाय आणि मी सगळ्यांत पुढं, कारण विज्ञानात पहिली मी यायचे. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि आवाज अगदी मऊ करून म्हणालात, "तुमच्यात चालत न्हाय की गं हे. जा, व्हरांड्यात बस जा." मला कुणी काही विचारलं नाही. आम्ही जैन, अंडं आमच्या घरात येत नव्हतं हे खरं. पण ते खायला कोण सांगत होतं? साध्या पाण्यात ते फुगतं आणि मिठाच्या पाण्यात आक्रसतं, एवढंच तर बघायचं होतं. आमच्या अण्णांनीसुद्धा मला कधी, हे बघायचं नाही, असं सांगितलं नव्हतं. तुम्ही परस्पर सांगून मोकळे झालात.

मी व्हरांड्यात बसले. आत तुम्ही वर्गाकडून घोकून घेत होतात की हा पडदा काही कणांना आत येऊ देतो आणि काहींना बाहेरच अडवतो. पोरं एका सुरात ओरडत होती. बाहेरून मीही त्यांच्याबरोबर म्हणत होते, सवयीनं.

अंड्याचं एक वेळ सोडून देते. पुढच्या आठवड्यात तुम्ही तोच प्रयोग बटाट्यावर करायला घेतलात आणि मला परत बाहेर काढलंत. का, तर जैन लोक कंदमूळ खात नाहीत, असं तुम्ही कुठंतरी ऐकलं होतं. आमच्या घरी चातुर्मास सोडला तर बटाट्याची भाजी होत होती, आणि होत नसती तरी काय. मार्केट यार्डात अण्णांचा धंदाच कांदा-बटाट्याचा. सुट्टीत मी पोत्यांच्या थप्पीवर बसून अभ्यास करायचे, फ्रॉकला माती घेऊन घरी यायचे. त्या दिवशी सगळा धीर गोळा करून मी म्हणाले, "सर, आमचं दुकानच बटाट्याचं हाय." तुम्ही हसलात. "इकायचं येगळं आणि कापायचं येगळं, पोरी," म्हणालात. वर्ग हसला. मी परत माझ्या जागेवर, म्हणजे व्हरांड्यात, जाऊन बसले.

आणि मनुका, सर. साध्या मनुका. आई अण्णांसाठी रोज रात्री वाटीत मनुका भिजत घालायची, सकाळी त्या टम्म फुगलेल्या असायच्या. अख्खं परासरण आमच्या ओट्यावर झाकण घालून ठेवलेलं असायचं. मूठभर मनुका तुम्ही टेबलावर ठेवल्या असत्यात तर कुणाचा धर्म बुडला नसता आणि कुणाला बाहेर जावं लागलं नसतं. पण तेवढा विचार करायचे कष्ट तुम्ही घेतले नाहीत. मला बाहेर घालवणं सोपं होतं, वर त्यात मोठेपणाही होता.

दहावीच्या प्रात्यक्षिकाला मी चिठ्ठी उचलली तर नेमका बटाट्याचाच प्रयोग निघाला. पुस्तकातली कृती मला पाठ होती, हाताला मात्र काहीच ठाऊक नव्हतं. बटाटा वरून कोरला, खळग्यात साखरेचा पाक भरला, पाक जिथवर होता तिथं टाचणी टोचली आणि बटाटा पाण्याच्या बशीत ठेवला. तीच चिठ्ठी निघालेल्या बाकीच्यांच्या बटाट्यांत पाक टाचणीच्या वर चढायला लागला, माझा जागचा हलेना. मी साल काढलंच नव्हतं. सालातून पाणी आत जात नाही, ते आधी सोलून टाकायचं असतं, हे एकदा समोर बघितलं असतं तर जन्मात विसरले नसते. बाहेरगावहून आलेले परीक्षक माझ्या बशीपाशी थांबले, कपाळाला आठ्या घातल्या. तेवढ्यात तुम्ही लगबगीनं आलात आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना म्हणालात, "जैनाची पोरगी हाय, साहेब. बटाट्याला हात लावला हेच लई झालं."

परीक्षक कौतुकानं हसले आणि त्यांनी मला पैकीच्या पैकी गुण दिले.

ते गुण मला अजून टोचतात. नापास होऊ दिलं असतंत तर मी दुसऱ्या दिवशी दुकानातले बटाटे घेऊन पुन्हा पुन्हा करत बसले असते. तुम्ही चुकायचा हक्कसुद्धा काढून घेतलात आणि वर पाठ थोपटलीत. घरी जाऊन अण्णांपुढं रडले, तर ते म्हणाले की मास्तरनं आपला मान राखला, त्यात रडायचं काय. तुम्ही दोघंही एकाच बाजूचे निघालात.

म्हणून मी शिक्षिका झाले, असं कुणी विचारलं तर सांगते. माझ्या वर्गात टेबलावर अंडं असतं, सोललेला बटाटा असतो आणि मनुका असतात. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं, व्हरांड्यात कुणी जायचं नाही. काल एक मुलगी मागं रेंगाळत होती, तिच्या घरीही अंडं चालत नाही. मी तिला विचारलं, "तुला काय घ्यायचंय?" फक्त विचारलं, सर. तिनं क्षणभर विचार केला आणि सरळ बरणीत हात घालून अंडंच उचललं. मग ते ओंजळीत धरून माझ्यापुढं आली. "मॅडम, हातात घिऊन बघा की, कसलं मऊ लागतंय."

मी तिला म्हणाले, ठेव खाली, फुटेल.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत. तुमच्या घरी आता सूनबाई असतात, त्यांना बिचारीला यातलं काय सांगणार. पण हे लिहायला का बसले, तेवढं लिहून ठेवते. ते फुटणार नव्हतं. मी इतकी वर्षं हा प्रयोग शिकवते, सर, आणि ते अंडं मी आजवर एकदाही हातात घेतलेलं नाही.