हाजीचं फाटक आणि माझा रस्ता

आदरणीय फरामर्झदादा,

धाकट्या बहिणीचा सलाम. तुमची सावली आमच्या डोक्यावर अशीच लांबलचक राहो. गुडघा कसा आहे? वहिनीची साखर उतरली का? सोबत वाळवलेली तुती पाठवतेय, ती तिच्या हाताला लागू देऊ नका. इथे मेबोदला माझी तब्येत उत्तम आहे, जीभ तर त्याहून उत्तम आहे. परवा तुम्ही माझं बोलणं पुरं व्हायच्या आत फोन आपटलात, म्हणून आता सगळं वाचा. (पत्र आपटता येत नाही.)

तुम्ही म्हणालात, वडिलांच्या भट्टीत मी कारखान्याचा कचरा भाजते आणि घराण्याचं नाव मातीत घालते. अहो, माती आहे कुठे? आपल्या टेकडीची चांगली माती संपत आली आणि फरशीच्या कारखान्यांचा गाळ मात्र मागच्या कोरड्या कालव्यात गाढवाच्या पाठीइतका साचलाय. तो गाळ आणि फुटक्या फरश्यांचा भुगा मातीत कालवला, तर अशी फरशी भाजून निघते की हातोडा उलटून येतो. चार बायका माझ्याकडे कामाला आहेत, चौघींच्या चुली त्यावर पेटतात. यात लाज कसली? लाज वाटायची तर ती गाळ टाकणाऱ्याला वाटावी, उचलणारीला का?

आता गल्लीचं ऐका, कारण तुमच्यापर्यंत ते तिखटमीठ लावून पोचलंय. गल्लीत हिवाळाभर चिखल. नगरपालिकेला सांगून सांगून माझे दात झिजले. शेवटी मीच पोलाद कारखान्यातली मळी, म्हणजे लोखंड वितळवून उरलेला खडीसारखा कचरा, दोन ट्रक आणली (फुकट! वर चहाही पाजला त्यांनी), ती खाली ठोकून बसवली आणि वर माझ्या फरश्या टाकल्या. सगळी गल्ली खूश. एक हाजी नूरुल्ला सोडून. तो सूर्याचा चेहरा रंगवलेल्या थाळ्यांचा उस्ताद कुंभार, भाकरीच्या दुकानापुढच्या रांगेत सगळ्यांसमोर म्हणाला, "तूरानने आपल्याला उकिरड्यावर चालायला लावलं." मीही म्हणाले, "मग हाजीआगा, आपण उडत जा!" त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

तिथेच घात झाला. कारण नौरोजच्या आधी पाऊस पडला आणि पाणी लागल्यावर ती मळी फुगायला लागली. (मळी फुगते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चहा पाजणाऱ्यांनीही नाही.) नेमकी हाजीच्या दारात जास्त फुगली. त्याचं लोखंडी फाटक बाहेर उघडतं. ते रोज थोडं जास्त घासायचं, आणि हा रोज खांदा लावून ढकलायचा, पण मला एक शब्द सांगेल तर शपथ! आणि नौरोजच्या तेराव्या दिवशी, जेव्हा अख्खं मेबोद सतरंज्या घेऊन रानात निघतं आणि घरात राहणाऱ्याचं वर्ष वाईट जातं असं आपण आईच्या मांडीवर ऐकलं, त्या दिवशी फाटक अडकलं ते अडकलंच. आत अकरा माणसं, चहाचा एक सामोवार आणि शेवयांच्या दाट रश्शाचं, आशचं, भलंमोठं पातेलं.

शिडी माझ्याशिवाय कोणाकडे होती? मी लावली भिंतीला. आधी त्याची बायको इस्मतखानम उतरली, हसून हसून तिची डोक्यावरची चादर सुटायला आली. मग सुना, नातवंडं, मग दोरीने पातेलं (अर्धी आश माझ्या डोक्यावर, कढत). हाजी मात्र भिंतीवर बसून राहिला. म्हणे, तिच्या शिडीवर पाय ठेवणार नाही! दुपारपर्यंत बसला. शेवटी उतरला, तेही माझ्याकडे पाठ करून. आता शिडीवरून सगळेच पाठ करून उतरतात, पण त्याने ती मुद्दाम केली हे मला कळलं.

या तमाशाची खबर नगरपालिकेत गेली. साहेब आला, कागद देऊन गेला: महिन्याभरात गल्लीतल्या सातही घरमालकांनी संमती दिली नाही, तर रस्ता उखडणार आणि भट्टीला टाळं. पाच सह्या मिळाल्या. हाजीच्या दारात मात्र मी जाणार नाही. चूक झाली, मान्य. चुकीची माफी मागेन, कचऱ्याची नाही. टाळं लावायला येऊ देत, मी भट्टीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसेन.

तुमची,
तूरान

ता. क. गेले होते. इस्मतखानमने बोलावलं म्हणून. आणि तसंही त्याच्या दारातली मळी मला उकरायची होतीच.

ता. क. २. मी उकरत असताना हाजी बाहेर आला. मळीचा खडा फोडला, बोटांत चोळला, हुंगला आणि चिडला, "अगं मूर्ख पोरी, माती तरी भिजवून मुरवल्याशिवाय चाकावर घेतेस का? हीसुद्धा वर्षभर पाण्यात मुरू दे, मग अंथर!" तासभर शिव्या देत होता. मग आत गेला, चष्मा आणला आणि सही केली. म्हणाला, भट्टी बंद पाडायला मी काय कुंभार नाही?

ता. क. ३. सातवं घर तुमचं, दादा. कुलूप असलं तरी कागदावर मालक तुम्हीच. अर्ज सोबत आहे, पेन्सिलीने फुली मारलीय तिथे सही करा आणि उलट टपाली पाठवा, मुदत पुढच्या बुधवारी संपते. हाजीने सही करताना खालची रिकामी जागा पाहिली आणि विचारलं, "फरामर्झने अजून नाही केली?" मी म्हणाले, "टपालात असेल." त्या माणसासमोर आयुष्यात पहिल्यांदा मी मान खाली घातली.