सहावा रकाना

प्रिय मिस्त्री,

कुशल वगैरे नंतर विचारीन. आधी एक गंभीर तक्रार दाखल करून घे. शिक्षकखोलीतलं माझं टेबल पुन्हा डुगडुगू लागलं आहे. त्याच्या डाव्या पायाखाली तू सरकवलेली पत्र्याची चकती झाडलोट करताना कुणीतरी कचरा समजून उचलली, आणि गेले दोन महिने मी जहाजावर बसल्यासारखा निबंध तपासतो आहे. शेरा 'उत्तम' लिहायला घ्यावा तर 'उ'चं शेपूट थेट पुढच्या मुलाच्या वहीत. मी प्रथम पाठ्यपुस्तक घालून पाहिलं. टेबल उजवीकडे कललं. मग परिपत्रक चौपदरी घालून पाहिलं. ते एका दिवसात चपटं झालं. परिपत्रकांत वजन पेलण्याची ताकद नसते हे मला बावीस वर्षांच्या नोकरीनंतर असं समजलं. तेव्हा या सर्व हानीस तू जबाबदार आहेस, कारण तू इथे नाहीस.

ती चकती नुसती चकती नव्हती हे तुलाही आठवत असेल. तू मुंगीला पाठवलं होतंस माप घ्यायला. ती मापपट्टी घेऊन माझ्या टेबलाखाली शिरली, मी पाय वर घेऊन आसनस्थ, आणि खालून आवाज आला, "सर, तुमचं टेबल दीड मिलिमीटरनं लंगडं आहे." मी म्हटलं, बाळ, काही आकडा वाढवून सांग, म्हणजे मला माझ्या अक्षराची सबब मिळेल. ती म्हणाली, "मिस्त्रीसर आकडा वाढवू देत नाहीत." पंधरा मिनिटांत ती चकती पाडून, कडा घासून घेऊन आली. आकाराने एवढीशी, पण स्वतःपेक्षा मोठा पत्रा डोक्यावर धरून कार्यशाळेत फिरणारी म्हणून तूच तिचं नाव मुंगी ठेवलंस. व्यवसाय शाखेच्या दुसऱ्या वर्षात तिच्याएवढा सरळ हात कुणाचा नाही, असं तू म्हणायचास. मी ते वाक्य आता मनातल्या मनातही पूर्ण म्हणत नाही.

इकडची खबर अशी की वार्षिक उद्दिष्टांचा तक्ता पुन्हा आला आहे. तोच कागद, तेच पाच रकाने. विद्यालयाने येत्या वर्षात कोणत्या पाच बाबतींत सुधारणा करायची ते लिहायचं, आणि गेल्या वर्षीच्या पाचांपुढे 'साध्य', 'अंशतः साध्य' किंवा 'असाध्य' अशी खूण करायची. 'असाध्य' हा शब्द मी वैद्यांच्या ग्रंथांतच वाचला होता. शाळेच्या कागदावर तो फार शोभून दिसतो. प्राचार्यबाईंनी तक्ता नेहमीप्रमाणे माझ्याकडेच दिला. त्यांचं काही चुकलं नाही. संस्कृत शिकलेला माणूस हाताशी असला की संस्था त्याच्याकडून दोनच कामं करून घेते, मानपत्रं आणि उद्दिष्टं. दोन्हींत खरं कमी आणि समास जास्त लागतात. पाचव्या रकान्यावर बाईंनी बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "सर, याच्यापुढे 'अंशतः साध्य' लिहू या. दोनशे त्रेचाळीस दिवस तर साध्यच होतं की." त्या वाईट नाहीत, मिस्त्री. त्यांचे डोळे सुजलेले होते. पण तक्ता समोर आला की चांगल्या माणसालाही दोनशे त्रेचाळीस दिवस दिसतात, दोनशे चव्वेचाळिसावा दिसत नाही.

पाचवा रकाना म्हणजे 'शून्य अपघात'. त्याआधीची चार उद्दिष्टं कुणाला आठवत नाहीत. उत्तीर्णांचं प्रमाण, उपस्थिती, नोकरीला लागलेली मुलं आणि आणखी काहीतरी. पण शून्य सगळ्यांना आवडलं. फाटकाशी फलक लागला, रोज सकाळी शिपाई शिडीवर चढून आकडा बदलायचा, आणि परिपाठाला मी शून्यावर वीस मिनिटं बोललो. शून्य म्हणजे अभाव नव्हे, शून्य म्हणजे साधना, असं काहीसं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तू मागे खांबाला टेकून उभा होतास आणि टाळ्या न वाजवता हात पुसत होतास. खाली उतरल्यावर म्हणालास, "पंडित, छान बोललास. आता माझ्या वहीचं काय करायचं ते सांग."

तुझी वही. मी आज ती कपाटातून काढून समोर ठेवली आहे. तिच्या डाव्या कोपऱ्यावर तेलकट अंगठ्यांचा थर इतका जाड आहे की पान उलटायला कष्ट पडत नाहीत. कोण, कुठे लागलं, कोणतं यंत्र, कारण. 'डावा अंगठा, किरकोळ, कानस, कारण: घाई.' 'कपाळ, टेंगूळ, खिडकीची झडप, कारण: खिडकीबाहेरची मुलगी.' 'काही लागलं नाही, पण लागलं असतं, ड्रिल, कारण: पट्टा सैल.' हे शेवटचं मला तेव्हा हास्यास्पद वाटायचं. जे झालंच नाही त्याची नोंद! मी तुला म्हणायचो, हे तर नव्यन्यायाच्या पंडितांनाही जमलं नसतं, अभावाची तारीखवार नोंद. तू हसायचास आणि लिहायचास. सकाळचे शिक्षक येताच चहाआधी ती वही उघडायचे, दुपारचे शिक्षक येताच तेच. वर्तमानपत्र वाचावं तसं वाचायचे. कोणतं यंत्र काल कुरकुरलं, ते आज कुणालाही विचारावं लागत नसे.

आता जे लिहायचं आहे ते तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. शून्याचं उद्दिष्ट ठरलं आणि तुझ्या वहीत पहिल्याच पंधरवड्यात चार नोंदी झाल्या. फाटकावर एक आकडा आणि वहीत दुसरा, हे बरं दिसेना. तपासणीला येणारे आधी वही मागतात. तेव्हा मी तक्त्याखाली एक तळटीप लिहिली: 'अपघात म्हणजे ज्यात विद्यार्थ्यास रुग्णालयात न्यावे लागते अशी घटना.' मोजून नऊ शब्द. मला ती व्याख्या फार आवडली होती. अव्याप्ती नाही, अतिव्याप्ती नाही. त्या एका ओळीने काळं पडलेलं नख, फाटलेला हातमोजा, सैल पट्टा, सगळं विद्यालयातून नाहीसं झालं. आणि त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर, शिक्षकखोलीत, याच टेबलाशी, मी तुला म्हटलं की यापुढे त्या वहीत बारीकसारीक लिहू नकोस. तू ताबडतोब भांडला नाहीस. डबा बंद केलास, आणि म्हणालास, "पंडित, ही वही शिक्षेची नाही रे, निरोपाची आहे. ही बंद करायची तर दुसरी दे. नाव काहीही ठेव. तुझ्या त्या भाषेत ठेव." मी हो म्हटलं.

हो म्हणून मी ते खरोखर लिहिलंही होतं. माझ्या कच्च्या प्रतीत सहावं उद्दिष्ट होतं: यंत्रांच्या लहानसहान तक्रारींसाठी वेगळी वही, दोन्ही पाळ्यांनी रोज वाचायची. पण कागदावर रकाने पाचच. सहावा हाताने आखला तर तक्ता परत येतो असं कार्यालयातल्या बाबूने सांगितलं. उपस्थितीचं उद्दिष्ट काढून त्याजागी हे घालता आलं असतं. ते मला सुचलं होतं, हेही सांगून टाकतो. पण उपस्थितीचं वाक्य जमून आलं होतं. मी सहावं खोडलं आणि मनाशी म्हटलं, पुढच्या वर्षी घेऊ. तू दोनदा आठवण केलीस. दुसऱ्यांदा मी विनोद केला. काय विनोद केला ते आठवत नाही. तू हसला होतास एवढं आठवतं.

मग पत्र्याच्या चकत्या पाडणाऱ्या त्या प्रेसचं. पायपट्टी एकदा दाबली की वरचा ठोकळा एकदाच पडायला हवा. गेल्या सत्रात तो पट्टी न दाबता पडला, तीन वेळा. एकदा सकाळच्या शिक्षकासमोर. एका पोराच्या हातमोज्याचं टोक गेलं, शिक्षकाला वाटलं पोराचाच पाय लागला. एकदा दुपारच्या नव्या शिक्षकासमोर. एक नख काळं झालं, त्याने बर्फ लावला. एकदा तुझ्यासमोर, तू यंत्र बंद करून तपासलंस, बोल्ट आवळलास, पुन्हा चालवून पाहिलंस, नीट चाललं. तिघांनाही वाटलं, हे पहिल्यांदाच झालं. वही असती तर दुसऱ्या वेळीच तू त्या यंत्राला कुलूप घातलं असतंस. एक ड्रिल तू नुसत्या एका नोंदीवर आठवडाभर बंद ठेवलेलं मी पाहिलं आहे. चौथ्या वेळी मुंगी अडकलेली चकती काढत होती. तिचा पाय पट्टीवर नव्हता असं शेजारच्या तिन्ही मुलांनी सांगितलं. उजव्या हाताची तीन बोटं, मधल्या पेरापासून.

मी तिच्या घरी गेलो होतो. एकटाच गेलो, पण हातात विम्याचा अर्ज घेऊन. रिकाम्या हाताने जायचा धीर झाला नाही. एक खोली, मध्ये पडदा, पडद्याअलीकडे तिची आई शिवणयंत्रावर कॉलर शिवत होती. तिने यंत्र थांबवलं नाही. मी अर्ज समजावून देत होतो आणि ती मान न वळवता म्हणाली, "तुम्ही बोला सर, मला ऐकू येतंय." कॉलरी संपल्यावर ती उठली, माझ्या हातातला अर्ज घेतला आणि सही कुठे करायची एवढंच विचारलं. मुंगी पलंगावर बसून डाव्या हाताने अक्षरं गिरवत होती. पहिलीतल्या मुलासारखी, जीभ दाताखाली धरून. तिने मला बसायला जागा केली. मग हळूच, आईला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, "सर, शून्य गेलं ना माझ्यामुळे? फलक काढला का?" मी म्हटलं, फलकाचं काय घेऊन बसलीस. ती म्हणाली, "नाही, तुम्ही इतकं चांगलं बोलला होता त्यावर." मिस्त्री, मी आयुष्यात अनेक व्याख्यानं दिली. एवढं लक्ष देऊन ऐकलेलं दुसरं नसेल.

तुला निलंबित केल्यापासून तू फोन घेत नाहीस, आणि दार तुझ्याऐवजी वहिनी उघडतात व तू झोपला आहेस असं सांगतात, सकाळी अकरालाही आणि संध्याकाळी पाचलाही. त्यांना खोटं बोलता येत नाही. डोळे पायरीवर लावून सांगतात. मी समजायचं ते समजलो. तुझ्या चौकशीची फाईल मात्र माझ्याकडे आली होती, शुद्धलेखन पाहायला. या संस्थेला विनोदबुद्धी नाही असं म्हणणारे चुकतात. 'यंत्रातील दोषाची पूर्वनोंद का नाही?' या प्रश्नाखाली तुझ्या हस्ताक्षरात एक ओळ आहे: 'नोंद माझ्याकडून राहिली.' बस, एवढंच. माझं नाव नाही, टेबल नाही, डब्याचं झाकण नाही. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यात एकही चूक नव्हती. म्हणजे शुद्धलेखनाची.

गुरुवारी अकरा वाजता समितीसमोर मलाही बोलावलं आहे. गेले चार दिवस मी माझं निवेदन लिहितो आहे. आमच्या घरात हीच चेष्टा चालू आहे, तुझी वहिनी म्हणाली, "लग्नाआधीच्या पत्रांना इतके मसुदे केले नव्हते." मी तिला पहिला मसुदा वाचून दाखवला. 'सामूहिक विचारविनिमयांती असे ठरविण्यात आले' इथपर्यंत आलो आणि ती म्हणाली, "कुणी ठरवलं?" मी दुसरा लिहिला. तोही तसाच गोल. तिसऱ्यात तर मी इतका सुंदर पश्चात्ताप केला आहे की वाचणाऱ्याला वाटावं, अपघात यालाच झाला. ती उठून जाताना एवढंच म्हणाली, "बावीस वर्षांत तुमच्याकडून एक साधं वाक्य ऐकायची इच्छा आहे माझी."

म्हणून हे पत्र. यातला विनोद वगळला तर खाली उरतं ते एवढं: वहीत लिहू नकोस असं मिस्त्रीला मी सांगितलं. त्याने दुसरी वही मागितली, मी कबूल केली आणि दिली नाही. व्याख्या माझी आहे. खाली माझी पूर्ण सही आणि आजची तारीख आहे, आणि सोबत सहावं उद्दिष्ट खोडलेली ती कच्ची प्रत जोडली आहे. हे सगळं गुरुवारी खिशात घेऊन ये. मी सरळ बोललो तर बाहेर काढू नकोस, नंतर फाडून टाक. मी समास जोडू लागलो, तर टेबलावर ठेव. मला शिक्षेचं भय नाही असं लिहिणार होतो, पण तेही खरं नाही; निवृत्तीला चार वर्षं आहेत आणि मला फार भय वाटतं. पण त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. मी स्वतःला ओळखतो आणि तुलाही ओळखतो. गुरुवारी मी गप्प बसेन, आणि तू मला बसू देशील.

तुझाच,
पंडित