मंद्रूपला जाऊन न उकळता परत

५ एप्रिल, रविवार
१. दुपारी सोलापूर-मंद्रूप रस्त्यावर अँबॅसेडर उकळली. काटा लालच्या पार.
२. अब्बांनी गरम असतानाच रेडिएटरचं झाकण उघडलं. मनगट भाजलं, थोडं.
३. ट्रॅक्टरला दोर बांधून घरी आणली.
४. संध्याकाळी पुण्याहून चाचांचा फोन. गाडी आयुष्यभर चालवली अब्बांनी, पण कागद चाचांच्या नावावर. त्यांना गिऱ्हाईक मिळालंय, हॉटेलवाला. इंजिन काढून टाकणार, गाडी दारात शोभेला उभी करणार, आत दिवे लावणार.
५. मी म्हटलं, महिनाअखेरपर्यंत थांबा. इंजिन मी खोलते. भर दुपारी मंद्रूपला जाऊन न उकळता परत आली, तर गाडी माझ्या नावावर करा.
६. चाचा म्हणाले, "देखेंगे."

७ एप्रिल, मंगळवार
कामावरून आल्यावर इंजिनचं हेड उतरवलं. त्याखालचं गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधे जळलेलं. हेडला बाक. अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते पाण्याच्या वाटांमधलं: बोअरच्या पाण्याचा पांढरा थर, गीझरच्या कॉइलवर बसतो तसा, पण दगडासारखा. स्क्रूड्रायव्हरनं खरवडावा लागला.
अब्बा स्टूल घेऊन शेजारी. "इत्ती सी बीमारी के वास्ते पूरा पेट फाडी गे तू."
तो थर त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी नखानं खरवडून पाहिला.

१२ एप्रिल, रविवार
हेड वर्कशॉपमधून घासून सपाट होऊन आलं. सिलिंडर मोजले, झीज मर्यादेत. पिस्टनला नवीन रिंगा, बेअरिंगं नवीन. रेडिएटर उघडून नळ्या साफ करून घेतल्या.
अंगणात ऊन फार, म्हणून अम्मीनं दोन जुन्या चादरी बांधून सावली केली. मग तिनंच विचारलं, "मेरे चाय के कपाँ में नट कौन डाल्या?"
अब्बांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी अब्बांकडे.
चांगला दिवस.

१९ एप्रिल, रविवार
हेड बसवलं. अब्बा नटांचा क्रम वाचत होते, मी आवळत होते. नवीन थर्मोस्टॅट घातला, पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी यापुढे बंद, हे अब्बांना दोनदा सांगितलं.
दुसऱ्या सेल्फला सुरू झाली. आवाज एकसारखा. अब्बा बॉनेटवर हात ठेवून उभे. मी आत बसून काट्याकडे बघत होते, बघायला काहीतरी असावं म्हणून.

२२ एप्रिल, बुधवार
कारखान्यातून लवकर निघून शहराबाहेर चाचणी. काटा चढतोय. पुन्हा! उकळायच्या आत बंद केली. पूर्ण गार झाल्यावर घरी आणली.
कुठं चुकलं? गॅस्केट नाही. पंप नाही. फॅनचा पट्टा ठीक. शेवटी थर्मोस्टॅटचं घर उघडलं. रिकामं.
"अब्बा, यातला थर्मोस्टॅट?"
"वो? कल मैं निकाल्या. तू कामपे थी."
"का?"
"गर्मी में कौन रखता गे? सोलापूर का हर डायवर निकालता. पानी खुल्ला घूमना."
सांगितलं: या इंजिनात तो नसला की बरंचसं पाणी आडवाटेनं परत इंजिनातच फिरतं, रेडिएटरपर्यंत कमी जातं.
"तो इत्ते साल?"
"इतकी वर्षं उकळतच होती ना."
जेवताना अब्बा हळूच, "चाचा कू नक्को बोल."
थर्मोस्टॅट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात निघाला, रुमालात गुंडाळलेला. राग आला होता. रुमाल बघून गेला.

परत बसवला. पाण्यात अडकलेली हवा काढली. रविवारी पुन्हा.

२६ एप्रिल, रविवार
भर दुपारी मंद्रूप. जाताना मी, येताना अब्बा. जाताना काटा मधोमध.
चहाच्या टपरीवर एकजण गाडीभोवती फेरी मारून अब्बांना, "लई झ्याक ठिवलीया की. इकायची हाय का?"
अब्बा मराठीत, "मला न्हाय, तिला इचारा. गाडी तिची हाय."
मी म्हटलं, कागदावर अजून नाही. अब्बा मला, "चुप बैठ."
परतताना ट्रकांच्या रांगेत अडकलो. काटा लालच्या जवळ गेला. रांग हलली, काटा खाली आला. उकळली नाही.
पण चढला होता. बहुधा फॅन. खात्री नाही.

२७ एप्रिल, सोमवार
चाचांना सकाळी मेसेज पाठवला. अब्बा म्हणत होते, ट्रकांच्या रांगेचं कशाला लिहितेस. लिहिलं. थर्मोस्टॅटचं मात्र लिहिलं नाही, ते त्यांनी नको म्हटलं होतं.

"चाचा, सलाम. गाडी काल दुपारी मंद्रूपला जाऊन आली. उकळली नाही. उभ्या रांगेत एकदा काटा लालजवळ गेला, चालू लागल्यावर उतरला. कारण अजून शोधते आहे. इंजिन पूर्ण उघडून बांधलंय, गाडी रोज चालवता येईल. ती हॉटेलला न देता माझ्या नावावर कराल का? हो किंवा नाही, गुरुवार, ३० तारखेपर्यंत कळवा."