निशाणी सात, म्हणजे माझा गुंड

मी, रुखमाबाई, कै. पत्रूजी निकुरे यांची पत्नी, धंदा सुईणपण, राहणार मौजा सावरटोला, जिल्हा चांदा, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने नव्हे तर स्वतःच्या हौसेने लिहवून घेत आहे. वय अंदाजे सत्तर. माझ्या जन्माला कोणी भांड्यावर नाव घातले नाही, म्हणून अंदाजे. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माजी मालगुजार गुणवंतरावांना विचारावे, ते शिव्या देऊन का होईना पण कबूल करतील.

कलम पहिले. नाळ कापायचा विळा व माझी वाकळ माझ्या हाताखाली शिकलेल्या सोनीबाईला द्यावी. तिचा हात हलका आहे, तोंड मात्र जड आहे. बाळंतिणीवर ओरडू नये, ही अट.

कलम दुसरे. पाणी भरायचा पितळेचा गुंड, एक नग. याची हकीकत लिहिणे भाग आहे. अर्जनवीस दादाजी म्हणतात, मृत्युपत्रात इतके लिहीत नसतात. मी म्हटले, लिहा.

गुणवंतरावांना चार मुलींवर मुलगा झाला, तो माझ्या हातून. त्या आनंदात त्यांनी गावात एकोणीस गडवे वाटले आणि मला हा गुंड दिला. प्रत्येक भांड्यावर मुलाचे नाव आणि खाली 'जन्म शके १८५७, कार्तिक' असे तांबटाकडून कोरून घेतले. मग पारावर उभे राहून साऱ्या गावाला वाचून दाखवले.

पुढे त्या मुलाने त्यांच्याकडे धान कांडायला येणाऱ्या कमळेवर जबरदस्ती केली. ती विधवा, मागे कोणी नाही. तरी ती नागभीडच्या ठाण्यात पायी गेली. मुलाचे नाव मी इथे घालत नाही. त्याने शिक्षा भोगली आहे आणि भांड्यावर नाव आहे तेवढे पुरे.

खटला चांद्याला उभा राहिला, तो मुलाने काय केले यापेक्षा तो केवढा आहे यावरच अडला. पंधराच्या आतला ठरला तर समज देऊन, मुचलक्यावर बापाच्या हवाली करता येत होते. गुणवंतरावांनी नवी कोरी कुंडली आणली, तिच्यात मुलगा चौदाचा. शाई वाळली होती एवढेच तिचे वय. डॉक्टरांनी दाढा मोजल्या, हाडांचा फोटो काढला आणि चौदा ते अठरा असे सांगून मोकळे झाले. एका पोराच्या वयापायी तीन तारखा गेल्या. कमळेचे वय कारकुनाने न विचारताच 'अंदाजे पंचवीस' लिहिले. ती दिवसभर उभी होती. तिला तेच तेच पाच वेळा विचारले, पाणी मात्र एकदाही विचारले नाही. याचा राग मला अजून आहे.

गुणवंतरावांच्या धाकाने गावातला एकही गडवा बाहेर निघाला नाही, राहिला माझा गुंड. माझा पुतण्या नथ्थू याला गुणवंतरावांनी धानाची एक बांधी, शेताचा तुकडा, देण्याचा शब्द दिला होता. त्याने माझा गुंड कोंड्याच्या ढिगात लपवला आणि मला म्हणाला, काकी, चोरी झाली. पण कोंबड्या त्या ढिगावर चढून टणटण चोची मारू लागल्या. मी गुंड काढला, चिंचेने घासला आणि कमरेवर घेऊन चांद्याला गेले.

मुलाच्या वकिलांनी विचारले, तुला वाचता येते का? मी नाही म्हटले. मग काय कोरले आहे हे कसे माहीत? मी म्हटले, मालकांनीच पारावर वाचून दाखवले. गुणवंतराव उठले व म्हणाले, तांबटाची चूक झाली. तेव्हा मी न्यायाधीशांकडे पाहून बोलले, "साहेब, गावात एकोणीस गडवे वाटले, एक गुंड मले देल्ला. तांबट वीस डाव चुकला काय?"

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. बहुतेक हसू लपवले.

गुंडावरच्या शकावरून मुलगा सतरा वर्षांचा ठरला. निकालात कमळेचे म्हणणे खरे मानले आणि त्याला कोवळ्या कैद्यांच्या वेगळ्या तुरुंगात चार वर्षांसाठी पाठवले. मोठ्यांच्या तुरुंगात नाही, हे मला बरे वाटले, कारण नाळ मी कापली होती. बापाच्या हवाली नाही, हेही बरे वाटले, कारण बाप मला माहीत होता. गुंड मात्र दोन वर्षे कोर्टात अडकला आणि परतला तो पोटावर लाल रंगात पुराव्याचा नंबर, 'निशाणी ७', घेऊन. तो रंग मी घासला नाही.

हा गुंड कमळेला द्यायचा माझा बेत होता. अर्जनवीस म्हणाले, तिला वस्तू दिली तर तिला साक्षीदार करता येणार नाही, दोन्हींतले एक ठरवा. मी तिलाच बोलावून विचारले. ती म्हणाली, "माय, भांडं नको. मले साक्षीत घे. तवा सारे माही साक्ष तपासून राह्यले होते. आता तुही साक्ष खरी हाये म्हणून मी लिहून देतो."

मला रडू आले. दादाजींनी हे लिहायला नको म्हटले, तरी लिहवले आहे.

म्हणून गुंड चांद्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात पाणी भरून ठेवावा. साक्षीला आलेल्या बाईने आधी पाणी प्यावे, मग बोलावे.

कलम तिसरे. घर, परसातल्या आंब्यासह, नथ्थूला. अट अशी की गुंड त्याने स्वतःच्या डोक्यावर स्टेशनापर्यंत न्यावा, भर बाजाराच्या दिवशी, आणि कोर्टाची पोच आणावी. पोच नसेल तर घर त्याच्या बायकोला, इंदुताईला. तो तिच्या परवानगीने राहील, जसा आताही राहतो. कोंबड्या इंदुताईलाच, त्यांनी साक्ष चांगली दिली.

वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे.

मुक्काम नागभीड, दिनांक १७ जानेवारी १९५८.

रुखमाबाई निकुरे, डाव्या अंगठ्याची निशाणी
लिहिणार: दादाजी, अर्जनवीस (मजकुराच्या लांबीस जबाबदार नाही)
साक्षीदार १: मुखरू गुरुजी, प्रौढ वर्ग, सावरटोला
साक्षीदार २: कमळा. सही स्वहस्ते. वय एकोणतीस, विचारून लिहिले.